तिसऱ्यांदा विचारेपर्यंत

आमच्या कंपनीच्या जेवणघरात दर शुक्रवारी कुणीतरी घरून लिंबाच्या वड्यांचा ट्रे आणत असे. सकाळच्या कॉफीबरोबर तो उघडला जाई आणि बघता बघता त्यात एकच वडी उरे. पुढे तिचं जे होई ते बाहेरच्या माणसाला सांगूनही पटत नाही. कुणीतरी येई, सुरीनं ती अर्धी करी आणि अर्धीच उचलून नेई. पुढचा उरलेल्या अर्धीची पाव करी. दुपारपर्यंत ट्रेच्या कोपऱ्यात नखाएवढा तुकडा राही आणि संध्याकाळी ट्रे धुताना तो पाण्याबरोबर वाहून जाई. शेवटचा घास याने उचलला, असं आपल्याबद्दल कुणी म्हणू नये, एवढ्यासाठी उत्तर मिनेसोटात माणसं जन्मभर जपून वागतात.

आर्डिस टॉलफसन यात सगळ्यांच्या पुढे. "आर्डिसच्या हातात अणू द्या," माझ्या शेजारी फोनवर बसणारी डेलोरिस म्हणायची, "त्याचेही दोन करून एक मागे ठेवील."

आर्डिस एकोणिसाव्या वर्षी सॉरली फर्नेस कंपनीत फोन घ्यायला लागली. घरं गरम ठेवणारी यंत्रं आम्ही बनवतो. ती उन्हाळ्यात बंद पडली तर कुणाला पत्ताही लागत नाही. जानेवारीत बंद पडली तर फोनवरच्या माणसाचे दात वाजताना ऐकू येतात. असा फोन आला की मॉडेल, पत्ता, दिवा लागतोय का, हे सगळं नंतर. आर्डिसचा पहिला प्रश्न असे, "घरात कोण कोण आहे?" एकटं म्हातारं माणूस असेल, तान्हं मूल असेल, तर ती माणूस धाडण्याआधी शेजाऱ्यांना फोन लावी. पुढे फोनवर बसणाऱ्या प्रत्येक मुलीला तिनं हेच शिकवलं. आधी माणसं, मग यंत्र. मीही तिच्याच हाताखाली शिकले. माझं घर तिच्या घरापासून दोन घरं सोडून होतं, म्हणून मी तिच्याच गाडीतून कामावर जात असे.

ती ग्राहकसेवा विभागाची प्रमुख कशी झाली, ते आमच्याकडे सगळ्यांना पाठ आहे. म्हातारे सॉरली सोमवारी तिच्या टेबलापाशी आले आणि म्हणाले, "आर्डिस, विभाग तू सांभाळ." ती म्हणाली, "छे, छे, व्हर्नन आहे ना, तो जास्त जुना." ते मान हलवून गेले. बुधवारी पुन्हा आले. "मला नाही बाई जमायचं," ती म्हणाली. शनिवारी ते बायकोला घेऊन तिच्या घरी आले, कॉफी झाली, हवापाण्याच्या गप्पा झाल्या, आणि दारात बूट घालता घालता त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं. तेव्हा ती म्हणाली, "आता दुसरं कुणीच नसेल, तर बघते."

हीच इथली रीत. पहिल्या विचारण्यात सभ्यता असते, दुसऱ्यात आपुलकी, आणि तिसरं विचारणं खरं. पहिल्यांदाच हो म्हणणारा माणूस हावरट. दुसऱ्यांदा म्हणणारा जरा घाईचा.

पुरुषांचंही असंच चालतं. पण त्यांचं तिन्ही वेळचं विचारणं एका दुपारीच उरकून जातं. तळं गोठलं की ते बर्फावर लाकडी खोपट्या ओढून नेतात, बर्फाला भोक पाडून गळ सोडतात आणि मासा यायची वाट बघत बसतात. "हेडची जागा तू घे." "छे रे." "घे की, मग कोण घेणार?" "नको." "अरे घे!" बाकीचे सगळे त्याच्या वतीनं आग्रह करतात. बाटली एकदा फिरेस्तोवर माणसाला बढती मिळालेली असते. कंपनीतली निम्मी पदं त्या भोकातून वर आली, असं डेलोरिस म्हणे. खोपटीत बायकांना बंदी कधीच नव्हती. त्यांना कुणी बोलावत नसे, एवढंच. आणि बोलावल्याशिवाय जाणं रीतीत बसत नव्हतं.

मग सॉरली थकले आणि कंपनी टेक्सासच्या एका मोठ्या गटाला विकली गेली. तिकडून विटकॉम्ब नावाचे गृहस्थ मुख्य म्हणून आले. माणूस वाईट नव्हता. पहिल्याच आठवड्यात त्यांनी सगळ्यांना जेवणघरात जमवून पडद्यावर आलेख दाखवले. ज्या कंपन्यांच्या वरच्या पायऱ्यांवर बायका अधिक, त्यांचा नफा अधिक. "यात उपकाराचा भाग नाही," ते म्हणाले, "हा धंदा आहे." त्यांच्यामागच्या भिंतीवर आजवरच्या साहेबांचे फोटो लावलेले होते. सगळे पुरुष, आणि सगळे दाढ दुखत असल्यासारखे हसणारे.

"म्हणजे आपण आता नव्या मॉडेलसारख्या," डेलोरिस माझ्या कानाशी पुटपुटली. "चाललो तर ठेवतील, नाही तर परत कारखान्यात."

"आणि थंडी कमी पडली तर?" आर्डिस तितक्याच हळू म्हणाली. "तर ते कुणाच्या नावावर?"

त्या शरद ऋतूत उत्पादनप्रमुख रॉजर निवृत्त होणार होता. नवीन मॉडेल बाजारात कधी काढायचं, कधी थांबवायचं, हे त्या खुर्चीवरून ठरे. आर्डिसला ती खुर्ची हवी होती. हे तिनं कुणालाही सांगितलं नव्हतं, पण मला कळत होतं. आमच्या नव्या मॉडेलची चाचणी काही घरांत चालली होती, आणि तिथून फोनवर एक तक्रार पुन्हा पुन्हा येत होती. कडाक्याच्या थंडीत धूर बाहेर सोडणाऱ्या नळीच्या तोंडावर बर्फ साचतं, नळी गुदमरते आणि फर्नेस आपोआप बंद पडतं. आर्डिसनं बैठकीत हे सांगितलंही होतं. आपल्या पद्धतीनं. "याकडे जरा बघायला हवं, असं वाटतं." तिच्या तोंडून एवढं येणं म्हणजे घराला आग लागली आहे असं ओरडण्यासारखं होतं. फोनच्या खोलीतल्या आम्हाला ते ऐकू आलं असतं. त्या टेबलाभोवती फोनच्या खोलीतलं दुसरं कुणी नव्हतं.

विटकॉम्बनी तिला एका सोमवारी आत बोलावलं. संध्याकाळी गाडीत बसल्यावर तिनं हीटर लावला, हातमोजे काढले, पुन्हा घातले.

"विचारलं त्यांनी," ती म्हणाली.

"मग? तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? म्हटलं, माझ्यापेक्षा चांगली माणसं नक्की असतील."

"आणि ते?"

"म्हणाले, प्रामाणिकपणे सांगितलंत, आभारी आहे." ती काच पुसत राहिली. "बुधवारपर्यंत येतील परत."

मंगळवारी ती शहरात जाऊन निळा कोट घेऊन आली. तो घेतल्याचं तिनं नवऱ्यालाही आडवळणानंच सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्या दारात उभी होते तेव्हा ड्वेन स्वयंपाकघरातून म्हणाला, "घरात नवा कोट आलाय. कुणाच्या लग्नाचा आहे ते कळलं नाही."

"सवलतीत होता," आर्डिस म्हणाली.

"हां. सवलतीत. तीस वर्षं मी या बाईला दुकानात बघतोय, सवलतीची पाटी दिसली की ती उलटी पळते."

बुधवारी विटकॉम्ब आमच्या विभागात आले. आर्डिस खुर्चीत सरळ झाली. त्यांनी कॉफीयंत्राबद्दल काहीतरी विचारलं आणि ते गेले. गुरुवारी ते आलेच नाहीत. शनिवारी पुरुषमंडळींनी त्यांना तळ्यावर नेलं. त्या वर्षी बर्फ लवकर धरलं होतं. सोमवारी सूचना लागली की नवा उत्पादनप्रमुख क्रेग लिंडाल. तळ्यावरच्या मंडळींपैकीच एक.

त्याच दुपारी जेवणघरात विटकॉम्ब अगदी मनापासून बोलले. "ही जागा मी आधी एका अत्यंत लायक महिलेला देऊ केली होती. त्यांनी नकार दिला. त्यांच्या निर्णयाचा मी आदर करतो. आपण कुणावर सक्ती करू शकत नाही."

नाव घेतलं नाही, तरी सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. आर्डिस कॉफीचा कप दोन्ही हातांत धरून बसली होती. कप रिकामा होता.

फोनच्या खोलीत परतल्यावर डेलोरिसनं दार लावून घेतलं. "नकार? तू नकार दिलास?"

"दिला नाही गं. नको म्हटलं."

"एकदा?"

"एकदाच विचारलं त्यांनी."

चूक कुठे झाली ते प्रत्येकीला दिसत होतं, आणि ते जाऊन विटकॉम्बना सांगणं म्हणजे पुढे पुढे करणं, हेही प्रत्येकीला कळत होतं. त्या माणसाचं तरी काय चुकलं? त्यांच्याकडे नाही म्हणजे नाही. वर्षअखेरीस टेक्सासहून अहवाल आला, त्यात एक ओळ होती. या भागातील महिला कर्मचाऱ्यांना वरिष्ठ पदांमध्ये रस कमी आढळतो.

आर्डिसनं निळा कोट चर्चच्या विक्रीला देऊन टाकला. त्याची किमतीची चिठ्ठीही काढली नव्हती.

जानेवारीत पारा उणे तीसच्या खाली गेला आणि तिथेच बसला. नवं मॉडेल शेकडो घरांत पोचलेलं होतं. फोन सुरू झाले. नळी, बर्फ, बंद. नळी, बर्फ, बंद. आमच्या मुली घसा बसेपर्यंत विचारत होत्या, घरात कोण कोण आहे? पण ज्या घरातून फोनच येत नाही, तिथे कोण विचारणार?

हुल्डा बर्गलंड नावाची विधवा गावाबाहेरच्या रस्त्यावर एकटी राहायची. वय ऐंशीच्या पुढे. फर्नेस बंद पडल्यावर तिनं फोन केला नाही. लोकांना एवढ्या थंडीत कशाला त्रास, असं तिला वाटलं. ती स्वतःच झाडू घेऊन नळीवरचं बर्फ काढायला बाहेर गेली, अंगणात पडली, आणि टपाल टाकणाऱ्यानं बघितलं तेव्हा तिच्या हातांना रंग उरला नव्हता. जीव वाचला. उजव्या हाताची बोटं गेली.

आर्डिस तिला इस्पितळात भेटून आली. येताना गाडी मी चालवत होते. दोन्ही बाजूंना पांढरं शेत आणि वर पांढरं आभाळ. मध्ये रेघ कुठे ते कळत नव्हतं.

"तिनं फोन का नाही केला, ते मी तिला विचारलं नाही," आर्डिस म्हणाली. "मला माहीत होतं." तिनं हातमोजे काढले, पुन्हा घातले. "तिनं तेच केलं जे मी केलं. कुणी दुसऱ्यांदा विचारील म्हणून थांबली. माझा फक्त कोट गेला."

त्या हिवाळ्यात कंपनीचं नाव गेलं आणि नफाही गेला. मॉडेल परत घ्यावं लागलं. टेक्सासला आलेखांवर चर्चा झाली असेल. इथे क्रेग लिंडाल महिन्याभरात पाच वर्षांनी म्हातारा दिसू लागला. एका रविवारी चर्चच्या तळघरात, प्रार्थनेनंतरच्या कॉफीला, तो आर्डिसच्या शेजारी येऊन उभा राहिला.

"मला ती खुर्ची कधीच नको होती, आर्डिस," तो म्हणाला. "तळ्यावर मी तीनदा नाही म्हटलं. खरंखुरं नाही. कुणी ऐकतंय का? सगळे म्हणाले, घे रे, घे रे."

आर्डिसनं त्याच्याकडे बघितलं. मग ती हसली. त्या वर्षात मी तिला पहिल्यांदाच हसताना बघत होते, पण त्या हसण्याकडे बघवत नव्हतं. "तुझं नाही खरं होतं," ती म्हणाली, "आणि माझं खोटं. आणि त्या बिचाऱ्या माणसानं दोन्ही उलटी ऐकली."

मार्चमध्ये क्रेगनं ती खुर्ची सोडली आणि तो आपल्या जुन्या कामावर परतला. त्यानंतरच्या शुक्रवारी विटकॉम्ब स्वतः जेवणघरात आले. कॉफीची वेळ होती. ट्रेमध्ये एक वडी उरली होती, आणि डेलोरिस तिच्यावर सुरी धरून उभी होती.

"टेक्सासहून माणूस पाठवतायत," विटकॉम्ब म्हणाले. ते दमलेले दिसत होते. "त्याआधी विचारायला आलो. इथलं कुणी आहे, ही जागा घ्यायला तयार?"

रीतीप्रमाणे सगळ्यांनी आपापल्या कपात बघितलं. आर्डिस खिडकीपाशी होती. तिचा हात खुर्चीच्या पाठीवर होता. मला वाटलं, ती बोलेल. तिचे ओठ हललेही. पण साठ वर्षं अंगात मुरलेली गोष्ट एका शुक्रवारी निघत नाही.

डेलोरिसनं सुरी खाली ठेवली. "आर्डिस आहे की."

विटकॉम्ब गोंधळले. "पण मी त्यांना विचारलं होतं. त्या नको म्हणाल्या."

"तुम्ही एकदाच विचारलंत," डेलोरिस म्हणाली.

विटकॉम्बनी तिच्याकडे बघितलं, मग आमच्याकडे, एकेका चेहऱ्याकडे, आणि हळूहळू त्यांच्या कपाळावरची आठी सुटली. वर्षभर ते या गावात कसे राहिले होते, किती जणांना त्यांनी जेवायला बोलावलं आणि किती जण आले नाहीत, हे सगळं त्यांना त्या क्षणी आठवत असावं.

"आर्डिस," ते म्हणाले, "तुम्ही ही जागा घ्याल?"

"छे," ती म्हणाली. "माझ्यापेक्षा कुणीतरी..."

"अगं घे की!" फोनच्या खोलीतली कुणीतरी मागून म्हणाली.

"कोण घेणार दुसरं?" मी म्हटलं.

"घे गं, आर्डिस!" हा आवाज क्रेगचा होता.

विटकॉम्बनी सगळ्यांचं होऊ दिलं. मग त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं, अगदी त्याच शब्दांत, परक्या देशाची प्रार्थना म्हणावी तसं, जपून. ती म्हणाली, "मला जमेल असं नाही वाटत." त्यांनी घड्याळाकडे बघितलं नाही. तिसऱ्यांदा विचारलं.

आर्डिसनं खुर्चीवरचा हात काढला.

"दुसरं कुणीच नसेल," ती म्हणाली, "तर बघते."

टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. आमच्याकडे वाजवत नाहीत. डेलोरिसनं सुरी उचलून वडी अर्धी केली.

पुढे ती पाच वर्षं त्या खुर्चीवर होती. फोनच्या खोलीतल्या दोघींना तिनं आपल्या टेबलावर आणलं. त्यांतली एक मी. कुठलंही मॉडेल आमच्या कानांवरून गेल्याशिवाय तिनं बाहेर काढलं नाही. पहिल्या वर्षी नफा वाढला, तेव्हा टेक्सासच्या अहवालात तिचा मोठा फोटो छापून आला आणि खाली ओळ होती, नेतृत्वातील महिलांमुळे भरघोस वाढ. तिनं तो बघितला आणि म्हणाली, "थंडी होती." तिसऱ्या वर्षी हिवाळा सौम्य गेला, नफा घसरला, आणि फोटो छापला नाही. "ऊन होतं," ती म्हणाली. मात्र त्या पाच वर्षांत आमच्या यंत्रापायी कुणाचं बोट गेलं नाही. या गोष्टीचा आलेख कुणी काढत नाही.

पण मला तिचा जो दिवस आठवतो तो विटकॉम्बनी तीनदा विचारलं तोच शुक्रवार. दुपारी तिनं कोठारातून जुन्या मॉडेलचं एक फर्नेस काढायला लावलं, आणि कामगारांच्या ट्रकमागून आम्ही दोघी हुल्डा बर्गलंडच्या घरी गेलो. माणसं तळघरात उतरली. हुल्डा स्वयंपाकघरात उभी होती, उजव्या हाताला अजून पट्टी. डाव्या हातानं तिनं कॉफीचं भांडं उचललं.

"कॉफी घेशील का?" तिनं आर्डिसला विचारलं. सवयीनं, कपाटाकडे न वळता, कारण कप काढायला अजून दोन नकारांचा अवकाश होता.

"हो," आर्डिस म्हणाली.

म्हातारी भांडं धरून तशीच थांबली. खालून हातोड्याचे आवाज येत होते. तिनं आर्डिसच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं, काही बिनसलंय का म्हणून. मग भांडं खाली ठेवलं आणि घाईघाईनं कप शोधू लागली.